बाटली केव्हा भरावी

माझा भाचा अमेरिकेत राहतो आणि घरच्या घरी बीअर करतो, ही बातमी महाडहून सवला पोहोचेपर्यंत ‘पोरगा दारू गाळतो’ अशी झाली होती. सव हे सावित्रीकाठचे गाव. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, त्यामुळे काही उकळले, उसळले तरी तिथली माणसे सहसा दचकत नाहीत. पण आमची आत्या दचकली. मी तिला समजावले, “अगं, बीअर गाळत नाहीत, आंबवतात. आंबोळीच्या पिठासारखी.” तेव्हा कुठे ती शांत झाली. आंबोळीच्या पिठाने कुणाचा संसार मोडल्याचे तिच्या ऐकिवात नव्हते.

तिकडे हा गुन्हा नाही. घरी बीअर करायला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर ऑक्टोबर 1978 मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली. इंग्लंडात तर 1963 पासूनच परवाना लागत नाही. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि मी बँकेत नोकरीला आहे. तेव्हा कृतीच्या आशेने वाचायला बसलेल्या वाचकांनी इथेच उठावे. मला कुतूहल होते ते एकाच गोष्टीचे. बीअर झाली, आता बाटलीत भरायला हरकत नाही, हे कळते कसे?

प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. यीस्ट साखर खाते आणि तिची दारू आणि वायू करते. साखर शिल्लक असताना घाईने बाटली भरून बूच मारले, तर यीस्टचे जेवण आत चालूच राहते. वायूला वाट नसते. मग एके रात्री बाटली फुटते, आणि काचा थेट भिंतीत रुततात म्हणे. नवशिके लोक पिंपाच्या नळीतून येणारे बुडबुडे मोजत बसतात. बुडबुडे थांबले की झाली, असा त्यांचा समज. पण झाकण सैल असेल तर वायू भलतीकडूनच निसटतो, आणि बीअर होऊन गेल्यावरही दिवस तापला की चार बुडबुडे उगाच येतात. म्हणून भाचा हायड्रोमीटर वापरतो. डेअरीतला लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल, त्याचाच हा परदेशी चुलतभाऊ. पाण्यात 1.000 दाखवतो. साखर असेल तर वर तरंगतो, साखर संपत जाईल तसा खाली बुडतो. सुरुवातीला समजा 1.050, शेवटी 1.010 च्या आसपास. पण नेमका कुठे थांबेल ते दर खेपेला वेगळे. त्यामुळे आकड्याला महत्त्व नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहिल्यावर तोच आकडा आला पाहिजे, याला महत्त्व.

हे मला चटकन समजले. माझ्या बचत खात्यात 20 तारखेपासून 30 तारखेपर्यंत एकच आकडा असतो. म्हणजे खाण्यासारखे आत काही उरलेले नाही.

आता दोनदा पाहिले म्हणजे पुरे का तीनदा? हसू नका. बी.कॉम.च्या संख्याशास्त्रात ‘स्टुडंट’ नावाचा एक गृहस्थ माझ्या मानगुटीवर बसला होता. हा कुणी विद्यार्थी नव्हे. डब्लिनच्या गिनेस बीअर कारखान्यातला विल्यम गॉसेट. थोड्याशा नमुन्यांवरून कितपत खात्रीने बोलावे, याचे गणित त्याने 1908 मध्ये टोपणनावाने छापले, कारण नोकरांनी स्वतःच्या नावाने छापलेले मालकांना चालत नसे. आम्ही ज्या गणिताने रात्र-रात्र जागलो, ते बीअरच्या पिंपातून निघाले होते हे तेव्हा कुणी सांगितले असते, तर वर्गाची हजेरी सुधारली असती.

आत्याचा कारभार याच्या नेमका उलटा. ती दर मे महिन्यात रातांब्याचे सरबत घालते. एक किलो साली, दोन किलो साखर, एकावर एक थर, बरणीच्या तोंडाला दादरा, आणि आठवडाभर ऊन. साखर विरघळली की गाळायचे, मीठ-जिरे घालायचे, बाटल्या भरायच्या. मृगाच्या आत सगळे आवरायचे. हे आंबता कामा नये. गंमत अशी की यीस्टला आवरते तीही साखरच. थोडी असेल तर अन्न, फार झाली तर ती यीस्टच्या अंगातले पाणीच ओढून घेते. (कर्जाचे असेच असते, पण तो विषय ऑफिसच्या वेळेतला.) आमच्या एका नातेवाइकांनी मधुमेहाचा विचार करून साखर निम्मी केली आणि बाटली कपाटात ठेवली. पहाटे बार उडाला. कपाटातल्या शुभ्र कपड्यांना आलेला कोकमी रंग अजून टिकून आहे.

या मे महिन्यात भाचा आला, तो हायड्रोमीटर घेऊनच. थेट सवला गेला आणि म्हणाला, “आजी, तुझं झालं का नाही ते मोजतो.” काचेच्या उंच भांड्यात सरबत ओतले, नळी सोडली. बीअरच्या नळीची पट्टी 1.150 च्या आसपास संपते. हे सरबत त्याच्या कितीतरी पलीकडचे. नळी टुणकन वर आली आणि आडवी झाली.

“बुडत नाही रे तुझी काडी,” आत्या म्हणाली.

मग तिने स्वतःची तपासणी केली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बरणीच्या तळाशी साखर आहे का, हे तिला गेली दोन वर्षे दिसत नाही. ती लाकडी डाव तळाशी फिरवते आणि कान लावते. साखर असेल तर करकरते. त्या दिवशी करकरली.

भाच्याचे विमान परवाचे होते. त्याला एक बाटली न्यायची होती, आणि खरे सांगायचे तर पुढच्या वर्षी हे सरबत असेल का, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही मनात होता. मी म्हटले, “आत्या, एक बाटली भर की. मुलगा लांब चाललाय.”

“लांब चाललाय म्हणूनच नाही. विमानात फुटली म्हणजे?”

तो रिकाम्या हाताने गेला. त्यानंतर दोन दिवसांनी डाव निमूट फिरला. तरी आत्याने बरणी पुन्हा बांधून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी परत कान लावला. तेव्हाही आवाज नाही. मग बाटल्या भरल्या. एक वरच्या फळीवर, त्याच्या नावाची. मी फोन लावून दिला.

“आजी, करकर थांबली?”

“थांबली.”

“उद्या पुन्हा एकदा बघशील ना?”

“भरून झाल्या रे, दोनदा बघून,” आत्या म्हणाली. “तुझी ती काडी इथंच राहिलीय. मी तिनं ताक ढवळते.”