बीच, साग आणि हिंगणीची हवा

गेले चार महिने डोक्यात एकच विषय आहे. पायाखाली काय घालायचं?

हिंगणीला (सेलू तालुका, वर्धा जिल्हा, बोर धरणाच्या वाटेवर लागतं) आमचं जुनं मातीचं घर उतरवून नवं बांधणं चालू आहे. आई-बाबा तोवर भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथे चकचकीत टाइल्स आहेत, आणि त्याच ओल्या टाइलवर आई मार्चमध्ये घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. बाबांचे गुडघे आधीपासूनच संपावर. तेव्हा मी जाहीर करून टाकलं की त्यांच्या झोपायच्या खोलीत चकचकीत काही येणार नाही, लाकूड येईल.

लाकूड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बीच येतं. प्रोजेक्टसाठी वर्षभर जर्मनीत स्टुटगार्टजवळ होतो, तिथल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बीचचं पार्केट होतं. फिकट, किंचित गुलाबीसर, बारीक ठिपक्यांचं. जानेवारीत अनवाणी चाललं तरी पाय गारठत नसत. (ग्रॅनाइट उष्णता लाकडाच्या दहा-पंधरापट वेगाने ओढून घेतो, म्हणून तो गार 'लागतो'. खोलीचं तापमान तेच असतं.) तिकडच्या जंगलांत पानझडी झाडांमध्ये सगळ्यात जास्त तेच, त्यामुळे तिथे त्याचं कुणाला कौतुकही नाही. आपल्याकडे साग तसं.

घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "बीच मंजे? गोव्यातलं का रे?"

असो. नागपूरच्या दुकानदाराने मला एक आकडा ऐकवला. जांका म्हणजे लाकडाचा कठीणपणा. स्टीलची छोटी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात. युरोपियन बीचचा साधारण 1450, सागाचा 1100च्या आतबाहेर. "सागापेक्षा हार्ड आहे सर!" आकडा खराच आहे. पण आई-बाबा काही उंच टाचांच्या चपला घालून खोलीत नाचणार नाहीत. कठीणपणा हा आमचा प्रश्नच नव्हता. प्रश्न पाण्याचा होता, आणि तेही हवेतल्या.

आपल्याकडची काळी माती बघा. पावसात फुगते, मेमध्ये तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. लाकूड तेच करतं, फक्त हळू. वर्ध्याकडे मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते, ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर. अशा हवेत लाकूड पूर्ण मुरू दिलं तर त्यातलं पाणी चारेक टक्क्यांपासून सोळापर्यंत हलेल. घराच्या आत एवढं होत नाही, म्हणून मी आठ टक्क्यांचा फरक धरून एक्सेल उघडलं. (इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार?) 120 मिलिमीटर रुंदीची, आडव्या कापाची बीचची फळी त्यात जवळजवळ 3.8 मिलिमीटर हलते, सागाची 1.7. खोली बारा फुटी, म्हणजे तीस फळ्या. बीचचे झाले अकरा सेंटिमीटर, सागाचे पाच! हिशोब कागदी आहे. प्रत्यक्षात फळ्या एकमेकींना दाबतात, त्यामुळे सरळ वाढण्याऐवजी मधेच उचलल्या जातात. कडेला भिंतीशी पट्टीखाली दहा-बारा मिलिमीटर जागा सोडतात, ती अशा वेळी कुठवर पुरणार? तिकडे हे निभतं कारण वर्षभरात हवेचा एवढा झोका बसत नाही.

दुकानदाराकडे यावरही उत्तर होतं, इंजिनियर्ड फळी. खाली प्लायचे आडवे-उभे थर, वर तीन-चार मिलिमीटर खरं बीच. ती बरीच कमी हलते, हे मान्य. शहरात चौथ्या मजल्यावर मी तीच घेतली असती. पण आमची खोली तळमजल्यावर, खाली काळी माती, आणि वाळवी तर गावची मूळ रहिवासी. टिकाऊपणाच्या युरोपियन प्रतवारीत साग पहिल्या वर्गात बसतो, बीच पाचव्या, म्हणजे शेवटच्या. शिवाय दुकानदार म्हणाला, ओलं फडकं फिरवायचं नाही. आईला हे सांगितलं. "मग पुसाचं कशानं? फुकाचं का?"

(लॅमिनेटचं विचारू नका. तो बीचचा फोटो असतो.)

गंमत म्हणजे उत्तर अंगणातच पडलं होतं. जुन्या घराच्या सागवानी म्याली आणि माडीच्या फळ्या बाबांनी ताडपत्रीखाली रचून ठेवल्या होत्या, विकायला. तीन पिढ्या हिंगणीचीच हवा खाल्लेलं लाकूड! 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग आपल्या बल्लारपूरहून गेला, आणि त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसद भवनातला साग नागपूरहून. (तिथली जमीन मात्र त्रिपुराच्या बांबूची.) आणि मी जर्मनीच्या झाडाचा भाव विचारत फिरत होतो.

सुतारकाका आले, एका म्यालीवर नख ओढलं, वास घेतला. म्हणाले, "हे आता काय हलते? याचं हलून झालं सारं." हे शंभर टक्के खरं नाही. जुनं लाकूडही पाणी पितं-सोडतं, थोडं कमी इतकंच. पण त्यांच्याशी वाद घातला नाही. आरा मशीनवर फळ्या कापून आणल्या. मुद्दाम अरुंद, चार इंची, म्हणजे एकेका सांध्यावरची फट लहान राहील. वर पॉलिश नाही, तेल. स्लॅबवर आधी प्लास्टिकचा कागद. बाकी घरात बिनपॉलिशचा कोटा, तिथे आईने हवं तेवढं पाणी ओतावं.

फळ्या सध्या त्याच खोलीत, मधे पट्ट्या घालून, हवा खात पडल्या आहेत. पाऊस सरल्याशिवाय ठोकायच्या नाहीत असं ठरलंय. एक फळी बाबांना दिलीय. दर रविवारी ते ती समोरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवतात आणि आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. दुकानात आता गिऱ्हाईकंही विचारतात म्हणे, "किती भरली आज?" मेअखेर 1 किलो 940 ग्रॅम होती. काल 2 किलो 55.