सरवा

जबलपूरच्या भोवतालच्या सपाट, काळ्या मातीच्या प्रदेशास ‘हवेली’ म्हणतात. पूर्वी येथील शेतकरी शेतांना उंच बांध घालून पावसाळाभर पाणी साठवीत आणि आश्विनाच्या सुमारास ते सोडून ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरीत. आता ती पद्धत पुष्कळ मागे पडली आहे. तरीही चैत्रात दूरवर पिकलेला गहू दिसतो आणि त्याच्या कापणीसाठी पंजाबकडील हार्वेस्टर येथे येतात.

हाताने कापणी केली, की शेतात थोड्या ओंब्या मागे राहतात. त्यांना आपल्या भाषेत ‘सरवा’ म्हणतात. सरवा गरिबांनी वेचावा, अशी रीत होती. हार्वेस्टर मात्र उभे पीक कापतो, मळतो आणि उफणतोही. म्हणून त्याच्याकडून बहुधा सुटा दाणाच सांडतो. तो भुशात आणि जमिनीच्या भेगांत हरवतो. काही दाणे पाखरांच्या मुखी पडतात, तर काही धसकटे पेटवल्यावर जळून जातात. जुना सरवा कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचत असे. हा दाणा कोणाच्याच घरी जात नाही, याची मला खंत वाटते.

पाटण तहसिलीतील माझ्या एका शेतकरी स्नेह्यांकडे मी कापणीच्या दिवसांत गेलो होतो. “यंत्र म्हटले की थोडे सांडायचेच,” असे ते म्हणाले. थोडे म्हणजे किती, हे पाहण्यासाठी आम्ही एक मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट केली. आधी उभ्या पिकात ती ठेवून आपोआप गळलेले दाणे मोजले. मग यंत्र गेल्यावर त्याच्या पूर्ण रुंदीत ठिकठिकाणी चौकट ठेवून पुन्हा मोजणी केली आणि आधीचे दाणे वजा केले. गव्हाचे सुमारे पंचवीस दाणे एक ग्रॅम भरतात. चौरस मीटरमध्ये सरासरी अडीचशे दाणे सांडले, तर हेक्टरी एक क्विंटल गहू मातीत गेला, असा हिशेब होतो. आमची मोजणी या आकड्याच्या जवळच आली.

आता सांडते कोठे, हे शोधायचे होते. आम्ही यंत्र थांबवून थोडे मागे घ्यायला लावले. पात्याने नुकत्याच कापलेल्या पट्ट्यात दाणे दिसले. म्हणजे ते पुढच्या बाजूलाच गळत होते. मागे पडलेल्या भुशातही सुटे दाणे होते. ओंब्यांत दाणे राहिले असते, तर मळणी अपुरी ठरली असती. पण ओंब्या रिकाम्या होत्या. मळणी चांगली होत होती, मात्र पंख्याचा जोरदार वारा भुशाबरोबर धान्यही उडवीत होता.

दुरुस्ती साधी होती. पीक आत ओढणारे पुढचे चक्र यंत्राच्या चालीपेक्षा फार वेगाने फिरून वाळलेल्या ओंब्यांना झोडपत होते. त्याचा वेग कमी केला. त्याच्या फळ्यांना जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या लावल्या. जोडावरचे फाटलेले रबर बदलले, पंख्याचा वारा कमी केला आणि यंत्र हळू चालवण्याचे ठरले.

येथे खरी अडचण आली. चालकाला एकरावर पैसे मिळतात. “मास्टरसाहेब, हळू चाललो तर माझे एकर कमी होतील,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. स्नेह्यांनी एकरामागे थोडे अधिक देण्याचे कबूल केले, तेव्हाच काम पुढे सरकले. संध्याकाळी पुन्हा चौकट ठेवली, तेव्हा सकाळच्या निम्म्याहूनही कमी दाणे भरले. चालकाने स्वतः वाकून ते दोनदा मोजले.

कापणी आणि मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत हायरम मूर यांनी आपल्या सहकाऱ्यासह १८३६ साली घेतले. त्या कल्पनेने माणसाचे अपार कष्ट वाचवले आहेत. परंतु कोणत्या पिकात, किती वाळलेल्या ओंब्यांत, कोणत्या वेगाने चालावे, हे यंत्राला ठाऊक नसते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सर्वसाधारण लाभार्थी कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. त्या मापाने एक क्विंटल म्हणजे एका माणसाचे वीस महिन्यांचे धान्य. एवढे अन्न वाचणार असेल, तर यंत्रामागे वाकून दाणे मोजण्याचे श्रम अधिक नव्हेत.