नव्वद किलोमीटर आणि घटाची माळ

कोल्हापूरला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. अंबाबाईचं दर्शन, महाद्वार रोडवर चपला आणि साज, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, दुसऱ्या दिवशी जोतिबा-पन्हाळा आणि परतताना पिशवीत गुळाची ढेप. मी सांगलीची, म्हणजे शेजारचीच, पण इतकी वर्षं माझंही कोल्हापूर एवढंच होतं. यंदा नवरात्रात मात्र दहा दिवस तिथं मुक्काम पडला आणि पहाटे साडेतीन ते सकाळी आठ या वेळातलं कोल्हापूर पाहायला मिळालं.

निमित्त घरगुतीच. सासूबाई धाकट्या दिरांकडे असतात. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचे, खाली वाकू द्यायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. एरवी हे सगळं माझ्या धाकट्या जाऊबाईनं निगुतीनं केलं असतं. पण ती सध्या 'ट्रायथलॉन'च्या तयारीत आहे आणि तिचे सगळ्यात कष्टाचे आठवडे नेमके हेच होते. तेव्हा तासिका तत्त्वावरच्या मास्तरणीनं दहा दिवसांच्या पगारावर पाणी सोडलं आणि एस.टी. धरली.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही एकापाठोपाठ, मधे विश्रांती नाही. जाऊबाई ज्या शर्यतीला उतरणार आहे ती गोव्याची. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली ती पहिल्यांदा झाली. आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची, ती ठेवून २१.१ किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. ही म्हणे अर्धीच! पूर्ण शर्यत याच्या दुप्पट, सतरा तासांची. हे खूळ निघालं हवाई बेटांवर. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या नवरा-बायकोनं तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र बांधल्या. १९७८ साली पहिल्यांदा १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. सगळे पुरुषच. बाई उतरली ती दुसऱ्या वर्षी, १९७९ मध्ये, आणि तीही एकटीच.

सासूबाईंना पटावं म्हणून जाऊबाईनं एकदा मॅडोना बुडर यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या या जोगिणीनं २०१२ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, पूर्ण लांबीची शर्यत पुरी केली. सासूबाईंनी काळ्या चष्म्याआडून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जोगीण ना? मग तिला संसार नाही. जमणारच." आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

जाऊबाईला संसार आहे. ती सहकारी बँकेत कॅशवर बसते, मुलगा पाचवीत, भावोजी फौंड्रीत पाळीनं कामाला. तिचा गजर सव्वाचारचा. आठवड्यातले दोन दिवस तरण तलाव, दोन दिवस पळणं, एक दिवस हॉलमध्येच सायकल. मागचं चाक एका लोखंडी घोडीवर चढवायचं आणि जागच्या जागी तासभर पाय मारायचे. पाऊस असला की हाच उपाय. त्याची घरघर खालच्या मजल्यावर जाते म्हणून तक्रार आली होती. आता घोडीखाली सासूबाईंची जुनी वाकळ चौपदरी घालतात, तक्रार थांबली. (शिवणयंत्राखालीही घालून पाहा, मी घरी आल्यावर घातली आहे.) साडेसातला डबे, आठला मुलाची रिक्षा, साडेनवाला ती बँकेत. रात्री साडेनवाला झोप. मालिका नाही, लग्नाची रिसेप्शनं नाहीत, भिशी सुटली. आठवड्याचे दहा-बारा तास सरावाला जातात ते असे कुठून कुठून कापून आणलेले.

आणि धुणं! ते मी मोजलं. घामाचे कपडे तसेच बादलीत टाकले तर वास कायमचा बसतो, म्हणून आल्याआल्या गार पाण्यातून काढून सावलीत वाळत घालायचे. पोहण्याआधी केस साध्या पाण्यानं भिजवून थोडं तेल चोळायचं, म्हणजे तलावातलं क्लोरीन केसांत कमी मुरतं. खाऱ्या पाण्यात कपड्याच्या शिवणी मानेला नि काखेत कातडी सोलतात, तिथं व्हॅसलीन. पायाच्या अंगठ्याची नखं पळून काळी पडली आहेत. ती नेलपॉलिशखाली झाकते. महिन्याचे दिवस शर्यतीच्या तारखेला येतात का, याचा हिशेब कॅलेंडरवर मांडून ठेवलाय. आपण पूजेसाठी मांडतो तसाच.

मंगळवारी तिच्याबरोबर मी राजाराम तलावावर गेले. शिवाजी विद्यापीठाच्या अंगाला हा तलाव आहे. ट्रायथलॉनच्या स्पर्धा झाल्या की पोहणं इथंच होतं. पाऊस नुकताच ओसरलेला, तलाव काठोकाठ, पाण्यावर धुकं. चौघीजणी होत्या, त्यांत एक दातांची डॉक्टर, एक पोलीस. एकटीनं कुणी उतरायचं नाही, असा त्यांचा नियम. कमरेला दोरीनं बांधलेला नारिंगी फुगा प्रत्येकीच्या मागं तरंगत असतो, म्हणजे काठावरून कोण कुठं आहे ते कळतं. तरण तलावात तळाशी रेघ आखलेली असते, ती धरून सरळ जाता येतं. इथं खाली नुसता काळोख. दर आठ-दहा हात मारले की मान वर काढून समोरचं झाड बघायचं, नाहीतर भलतीकडेच जायला होतं. समुद्रातही असंच. मी काठावर चार टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन बसले होते. विद्यापीठाच्या बाजूनं पळणाऱ्यांचे थवे जात होते, बहुतेक पुरुष, पण बायकाही मी मोजल्या तेव्हा सतरा निघाल्या.

कोल्हापूरच्या माणसाला अंगमेहनतीचं नवल नाही, हे मात्र तिथं राहिल्यावर कळतं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान अजून गाजतं, पेठेपेठेत तालमी आहेत, गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढून दूध देतात. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांना धाडण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं, ही गोष्ट इथं पोरासोरांनाही पाठ असते. सासूबाईंचे थोरले भाऊ तालमीतले. त्यांच्या थंडाईसाठी सासूबाईंची आई रोज पहाटे पाट्यावर बदाम वाटायची, दूध आधी त्याला, मग बाकीच्या लेकरांना. "कशासाठी?" असं तिला कुणी विचारल्याचं सासूबाईंना आठवत नाही. पैलवान एक, पण त्याच्यासाठी सबंध घर राबायचं आणि ते सगळ्यांना सरळ वाटायचं. तेच राबणं सुनेसाठी मागितलं की प्रश्न सुरू होतात. शेजारच्या काकूंनी माझ्यादेखत जाऊबाईला विचारलं, "एवढं करून मिळतं काय?" ती म्हणाली, "पदक." काकू म्हणाल्या, "सोन्याचं?"

मी स्वतः तिच्या बाजूची आहे असं समजू नका हं. लांब सायकलच्या दिवशी ती दहा वाजेपर्यंत घरात नसते आणि नऊ वाजता मुलाला मळमळायला लागलं तर त्याला आई हवी असते, काकू नको असते. हेही मी पाहिलं.

खरी कुरबुर झाली ती घटावरून. त्या घरात नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतात आणि सकाळची माळ घरच्या सुनेनं बांधायची. उपवासाचा प्रश्न खाण्याचा नव्हताच. सायकल चालवताना तासाला ६० ते ९० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जावी लागते, असं यांचं शास्त्र. एका केळ्यातून मिळते जेमतेम पंचवीस ग्रॅम. आपलं उपवासाचं ताट पाहा, साबूदाणा, बटाटा, रताळं, राजगिरा, केळं, सगळं तेच! मी हसून म्हटलं, नऊ दिवस उपवास कर, तू तर पहिलीच येशील. पण रोजच्या चौरस जेवणाशिवाय एवढी मेहनत झेपत नाही, सराव देणाऱ्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. शिवाय रविवारी पहाटे साडेचारला ती बाहेर पडणार, मग माळ कोण बांधणार?

"मी बांधते की," मी म्हटलं.

"तू यंदा आहेस," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी?"

जाऊबाई काही बोलली नाही. तिनं दोन दिवस निमूटपणे उपवास केला, आणि शुक्रवारी पळून आली ती जिन्यातच बसली. चेहरा पांढराफटक. मी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं. नुसतं पाणी कधी देऊ नका बरं का, घामातून मीठ जातं आणि नुसतं पाणी फार प्यायलं की रक्तातलं मीठ आणखी उतरतं. ते धोक्याचं असतं. सासूबाई दारात उभ्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. दुपारी थेंब घालून घेताना डोळे मिटूनच म्हणाल्या, "उठता-बसता कर म्हणावं तिला." म्हणजे बसताना नि उठताना, पहिला आणि शेवटचा दिवस. त्यातला पहिला झालाच होता. मी निरोप द्यायला उठले तर पुढचं वाक्य आलं, "माळ मात्र तिनंच बांधायची. जाण्याआधी."

त्यामुळं रविवारी सव्वातीनला घरात दिवा लागला. जाऊबाईनं अंघोळ केली, झेंडूची माळ घटावर बांधली. मुलगा झोपलेला म्हणून सासूबाईंनी आरती ओठांतल्या ओठांत म्हटली, काळा चष्मा लावून, खुर्चीत बसून. आणि मग तिच्याच हातानं हळदकुंकू लावलेली ती सायकल (स्कूटर येईल एवढ्या किमतीची आहे, तीन वर्षं पैसे साठवले होते) जिन्यावरून खाली गेली.

आम्ही मागून स्कूटरवर गेलो, भावोजी आणि मी, पाण्याच्या बाटल्या घेऊन. शिवाजी पूल ओलांडताना पंचगंगेवर अजून अंधार होता. वडणगे फाटा, केर्ली, मग वाघबिळाची चढण. डावीकडं पन्हाळ्याचा काळा आकार हळूहळू उजळत जातो. पन्हाळ्याला गाडीतून गेलेल्या माणसाला हा चढ आहे हेसुद्धा कळत नाही. सायकलमागून हळू गेलं की कळतो. पुढं बांबवडे, मलकापूर. तिथवर जाऊन परतलं की नव्वदच्या आसपास होतात. दोन्हीकडं तुऱ्यावर आलेला ऊस, मधेच भाताची खाचरं. गळीत हंगाम अजून लागला नव्हता. एकदा कारखाने पेटले की उसाच्या ट्रॉल्यांमुळं या रस्त्यावर अंधारात सायकल काढवत नाही, म्हणून या मंडळींना जे काय करायचं ते दसऱ्याच्या आत. तुम्ही कधी पहाटे या बाजूनं गाडीनं आलात आणि पुढं सायकलवाले दिसले, तर मागून जोरात हॉर्न तेवढा वाजवू नका. दचकून हात हलतो.

मलकापूरला ती दोन मिनिटं थांबली. पाठीवरच्या खिशातून लाडू काढून खाल्ला. हे लाडू सासूबाईंच्या देखरेखीखाली मी केलेले. वाटीभर भाजलेले दाणे, वाटीभर बिया काढलेला खजूर, पाव वाटी बदाम, दोन चमचे तूप, चिमूट मीठ. गूळ घातला तर खिशात उन्हानं पाघळतो, खजुराचे टिकतात. बदाम मिक्सरमधून काढायला लागले तर "भरडच ठेव, पीठ नको" असा खुर्चीतून हुकूम आला होता.

परत आल्यावर सायकल रंकाळ्यापाशी भावोजींच्या हातात दिली आणि ती लगेच पळायला लागली, पाच किलोमीटर. याला ते लोक 'ब्रिक' म्हणतात, म्हणजे वीट. नाव बरोबर आहे. तीन-साडेतीन तास गोल फिरलेल्या पायांना एकदम पळ म्हटलं की पहिला किलोमीटर मांड्या विटांच्याच होतात. शालिनी पॅलेसच्या बाजूनं ती येताना दिसली तेव्हा चाल इतकी विचित्र होती की एका आजोबांनी फिरणं थांबवून विचारलं, "बाई, लागलंय का कुठं?" तिनं हात हलवला नि पुढं गेली. संध्यामठापर्यंत पाय मोकळे झाले होते.

माझे दहा दिवस दसऱ्याला संपले. निघायच्या आधी मी कपाटाच्या दारावर, तिच्या सरावाच्या तक्त्याखाली, थेंबांचा तक्ता चिकटवला. दुपारच्या थेंबांपुढं शेजारच्या काकूंचं नाव (त्यांनी आपणहून सांगितलं), संध्याकाळ नि रात्र जाऊबाईची. सकाळी सहाच्या थेंबांपुढं भावोजींचं लिहिलं. ते म्हणाले, "वहिनी, मला हे जमायचं नाही, हात थरथरतो." फौंड्रीत वितळलेलं लोखंड ओतून घेणारा माणूस! मी बाटली त्यांच्या हातात दिली. दोन थेंब सासूबाईंच्या गालावर ओघळले. सासूबाई मान मागं टेकवून, डोळा उघडा धरून, न हलता बसून राहिल्या. तिसरा बरोबर डोळ्यांत पडला.