दहिवली ते दहिवली

ज्या गावाहून सकाळी निघालो त्याच गावी संध्याकाळी परत यायचे, तर मग गेलास कशाला, असे माझ्या एका मित्राने मला विचारले होते. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. सायकलवरून वर्तुळाकार फेरी मारणाऱ्या माणसाला मुक्काम गाठायचा नसतो, काही पोचवायचे नसते, कोणी वाट पाहत नसते. गेल्या कार्तिकातल्या ज्या फेरीविषयी मी लिहितो आहे, तिच्यात मात्र काहीतरी पोचवायचे होते. ते पोचवायला मला जवळजवळ वीस वर्षे उशीर झाला होता.

फेरी साधी आहे. दहिवलीहून उल्हास ओलांडून कर्जत, तिथून पळसदरीवरून खोपोली, मग जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खालापूर आणि चौक, आणि चौकहून डोंगरांच्या कुशीतून पुन्हा कर्जत. सारे मिळून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सराईत सायकलपटू एवढे अंतर न्याहारीपूर्वी संपवतील. मला अख्खा दिवस लागतो. त्याची मला लाज वाटत नाही. फ्रान्समध्ये सेंत-एत्येन गावी पॉल द विवी नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. 'वेलोसियो' या टोपणनावाने ते सायकलप्रवासावर लिहीत. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, अशा त्यांच्या नियमांत एक नियम असाही होता की निव्वळ प्रौढी मिरवण्यासाठी पायडल मारू नये. पहिले दोन नियम मी पाळत आलो. तिसरा कळायला वेळ लागला.

पहाटे पावणेसहाला पुलावर आलो तेव्हा उल्हासवर धुके होते. स्टेशनाच्या बाजूने इंजिनाची शिटी आली. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने कर्जतला जोडली जातात. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाल्यापासून हे गाव दुसऱ्यांना वर चढवण्याच्या कामी लागले आहे. गाडी थांबते तेवढ्यात बटाटेवडे विकले जातात आणि प्रवाशांच्या लेखी कर्जत तेवढेच उरते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातकापणी चालू होती. इथल्या संशोधन केंद्रात निपजलेल्या भाताच्या जाती 'कर्जत' हेच नाव घेऊन राज्यभर गेल्या आहेत. खुद्द कर्जतच्या शिवारात मात्र दर पावसाळ्यानंतर एखाद्या खाचराच्या जागी कुंपण आणि 'फार्महाऊस प्लॉट' अशी पाटी दिसते. मीही असाच बाहेरून येऊन दहिवलीत राहिलेला; तेव्हा या तक्रारीचा मला फारसा अधिकार नाही.

पळसदरीनंतर रस्ता लोहमार्गाच्या सोबतीने जातो. केळवली, डोळवली, लौजी ही स्थानके ओलांडताना आपण एक जलविभाजक ओलांडतो, हे मोटारीत बसून कधी कळले नव्हते. सायकलवर मांड्यांना कळते. मागे राहिलेले पाणी उल्हासचे, वसईच्या खाडीकडे जाणारे. पुढचे पाताळगंगेचे, धरमतरच्या खाडीकडे जाणारे. पण या दोन्ही नद्यांत उन्हाळ्यातही जे पाणी असते ते मुळात इथले नाहीच. घाटमाथ्यावर इंद्रायणीच्या खोऱ्यातले पाणी अडवून टाटांनी ते सुमारे पाचशे मीटर खाली नळांतून सोडले आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. १९२२ मध्ये कर्जतच्या पूर्वेला भिवपुरीचेही सुरू झाले. भीमा, कृष्णा असे करीत बंगालच्या उपसागराला जायचे पाणी वीज देऊन पश्चिमेकडे वळले. ते खोपोलीला पाताळगंगेत आणि भिवपुरीला पेज नदीतून उल्हासमध्ये येते. वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने याच डोंगरांतले विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले.

खोपोलीत डोंगरावरून उतरणारे ते नळ पाहत चहा घेतला. त्यापुढचा महामार्गाचा टप्पा कंटाळवाणा आणि थोडा भीतिदायक. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव; जुन्या मार्गावर मज्जाव नाही, एवढेच. महाडच्या वरदविनायकाचा फाटा मागे पडला, खालापूर मागे पडले, आणि उजव्या हाताला इरशाळगडाचा सुळका दिसू लागला. त्या सुळक्याला आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. पूर्वी ते दिसले की मला आनंद होत असे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २००४ च्या पावसाळ्यात आम्ही पाचजण इरशाळगडाला गेलो होतो. गडाखाली इरशाळवाडी नावाची ठाकरांची वस्ती होती. गाडीरस्ता नव्हता, पायथ्यापासून तास-दीड तास चढून जावे लागे. धो धो पावसात एका घरात आम्ही शिरलो. घरातल्या म्हाताऱ्या बाईने चुलीपाशी जागा दिली, कोरा चहा दिला, आणि निघताना तिच्या अंगणात मी फोटो काढला: ती, शेजारी दोन मुली आणि एक उघडा मुलगा. फोटो आणून देशील का, असे तिने विचारले. मी हो म्हटले. शहरातला माणूस अशा वेळी जितक्या सहजपणे हो म्हणतो, तितक्याच सहजपणे. त्यानंतर दोनदा त्या डोंगरात गेलो. दोन्ही वेळा फोटो घरी राहिला.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाटेअभावी यंत्रे वर नेता आली नाहीत, पावसामुळे हेलिकॉप्टर उडू शकले नाहीत. माणसे चढून गेली आणि हातांनी उकरत राहिली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले, आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. वर्तमानपत्रांत मृतांची नावे आली. ती मी दोनदा वाचली आणि मग ध्यानात आले की या वाचण्याला काही अर्थ नाही. मी तिचे नाव विचारलेच नव्हते. गडाची उंची, कातळातली टाकी, नेढ्यापर्यंतचा चढ, हे सारे माझ्या वहीत होते. जिच्या चुलीपाशी कपडे वाळवले तिच्यापुढे 'एक ठाकर म्हातारी' एवढीच नोंद. सरकारी यादीत वाडी नसल्याबद्दल मी तावातावाने बोलत असे. माझ्या वहीतही ती नव्हतीच.

वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने चौकजवळ पक्की घरे बांधली आहेत. फोटो दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मी हॅंडलच्या थैलीत ठेवला होता. वसाहतीच्या तोंडाशी सायकलवरून उतरलो आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. कोणाची चौकशी करणार? आणि कोण म्हणून? शेवटी दारात भात पाखडत बसलेल्या एका बाईपुढे फोटो धरला.

तिने हात पुसले, फोटो घेतला, उजेडाकडे केला. म्हातारीचे नाव तिने लगेच सांगितले. ती दरडीच्या आधीच, म्हातारपणाने गेली होती. मला सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याची त्याच क्षणी शरम वाटली. कारण बाईचे बोट आता त्या मुलांवर आले होते. एकावर थांबले, पुढे सरकले, पुन्हा थांबले. तिने काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

"हा राहू दे इथं?" ती म्हणाली. "आमचे सगळे तिकडंच राहिले."

तिने चहाचे विचारले. मी बसलो. या वेळी तिचे नाव विचारले आणि माझेही सांगितले. ती नावे इथे लिहीत नाही. ती माझ्याजवळ असली म्हणजे पुरे.

चौकहून निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते. या बाजूचे मोरबे धरण नवी मुंबईला पाणी पाजते. वीज, पाणी, भाताचे बियाणे, गाड्यांना रेटा. या दोन तालुक्यांतून किती गोष्टी बाहेर जातात याचा हिशेब मी एरवी चढावर करीत बसतो. त्या दिवशी त्यात माझेही एक कलम आहे हे कळले होते. मीही इथून दृश्ये नेली, एक चहा नेला, एक फोटो नेला, आणि त्यांतले एकच परत केले, तेही उशिरा.

दिवेलागणीला उल्हासच्या पुलावर आलो. मित्राचा प्रश्न आठवला. परतच यायचे होते हे खरे. पण काही रस्ते आपण एकदाच गेलो तर आपल्याकडे फक्त येणे उरते आणि त्यांच्याकडे फक्त देणे. ते फेडायला पुन्हा त्याच वाटेने जावे लागते. कर्जतला एक गाडी लागली होती. मागचे इंजिन जोडल्याचा धक्का ऐकू आला आणि ती घाटाकडे निघाली. मी दहिवलीकडे वळलो.