काटा काय म्हणतो?

तराजूविषयी आपल्याकडे फार जुना संशय आहे. ताजव्यातला पासंग, पारड्याखाली चिकटवलेली चिंच या गोष्टी आमच्या आजीच्या पिढीला तोंडपाठ होत्या. बाजारातून आलेले धान्य घरच्या पायलीने पुन्हा मोजून पाहिल्याशिवाय आजीला चैन पडत नसे. पुढे विजेचे काटे आले. चिंच गेली, आकडे लखलखू लागले; संशय मात्र होता तिथेच राहिला. नव्या काट्याची दांडी डोळ्यांना दिसत नाही, मग तो वाढायचाच!

आमच्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन निघाले की भुईकाट्यांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. आधी भरल्या ट्रॉलीचे वजन, मग रिकामीचे. दोहोंची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचे अख्खे वर्ष. एकदा दसऱ्यानंतर धाकट्या भावाबरोबर मीही अशाच एका रांगेत उभा होतो. काट्याच्या खोलीत आदल्या दिवशी नवा संगणक बसवला होता. काट्याच्या डब्यावर लाल आकडे नीट उमटत होते, पण संगणकावर भलतीच चिन्हे येत होती आणि पावती निघत नव्हती. "आकडा हातानं लिहून देतो," काटेवाला म्हणाला. रांगेत कुजबूज सुरू झाली. ज्यांची ट्रॉली काट्यावर उभी होती ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हातानंच लिवाचं त मंग काटा कायले पाह्यजे, भाऊ?"

या प्रश्नाला कुणापाशी उत्तर नव्हते.

तासाभराने संगणक दुरुस्त करणारा मुलगा आला. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही इथं?" म्हणून वाकून नमस्कार केला, आणि काट्याच्या डब्यातून निघालेली तार त्याने आपल्या लॅपटॉपला जोडली. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. ना चित्र, ना बटण.

"हे काय रे?" मी विचारले.

"याला टिओ म्हणतात, सर. मार्टिन लुंड नावाच्या माणसानं लिहून जगाला फुकट देऊन टाकलाय. तारेतून येतं ते दाखवतो, आपण लिहू ते तारेत सोडतो. पदरचं काही घालत नाही. तार निघाली तर परत जोडेपर्यंत मुकाट्यानं वाट पाहतो."

पडद्यावर तीच अगम्य चिन्हे आली. त्याने ओळीतले 9600 खोडून 2400 लिहिले, आणि एकाखाली एक आकडे उतरू लागले : 6840, 6840, 6840.

मग त्याने मला उलगडून सांगितले. अशा तारेवरून अक्षरे ठोक्याठोक्यांनी जातात. एका अक्षराचे आठ ठोके; त्याआधी 'सुरू' सांगणारा एक, शेवटी 'झाले' सांगणारा एक. असे दहा. सेकंदाला 2400 ठोके म्हणजे 240 अक्षरे. पण ठोके मोजणारे घड्याळ तारेवरून जात नाही. दोन्ही टोकांनी आपापले घड्याळ आधीच एका गतीला लावायचे असते. काटा 2400 ने बोलत होता, नवा संगणक 9600 ने ऐकत होता. एकेक ठोका त्याला चारचारदा ऐकू येई. बोलणारा चुकत नव्हता, ऐकणाराही बहिरा नव्हता. दोघांचे आधी ठरले नव्हते, एवढेच.

या गतीला 'बॉड' म्हणतात, तो एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रज्ञाच्या नावावरून. पाच खुणांत एक अक्षर पाठवणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याने 1874 साली घेतले. त्या ओळीत 'टीटीवाय' ही अक्षरे होती, तीही जुन्या टेलिप्रिंटरच्या इंग्रजी नावाची. आपल्या देशातली तारसेवा 14 जुलै 2013 रोजी संपली. तारा आणणारा शिपाई गेला, दारात तार आली की उठणारी रडारड गेली. पण सोयाबीनचे वजन अजून त्याच घराण्याच्या बोलीत सांगितले जाते, याची मला मोठी गंमत वाटली.

मुलाने लॅपटॉप खिडकीकडे वळवला. म्हाताऱ्यांनी डब्यावरचा आकडा पाहिला, पडद्यावरचा पाहिला. मग हळूच विचारले, "पण बापू, काटाच खोटा बोलत अशीन त?"

"आजोबा, ते हा नाही सांगत," तो म्हणाला. "काटा काय म्हणतो तेवढंच हा सांगतो. खरं की खोटं, ते वैधमापनवाल्यांची प्रमाणित वजनं ठेवूनच कळतं."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. संगणकाची गती बदलल्यावर पावती निघाली. संध्याकाळी त्यांची रिकामी ट्रॉली 3480 भरली. 33 क्विंटल 60 किलो माल. ती वजाबाकी त्यांनी स्वतः बोटांवर करून पाहिली, मगच पावती टोपीत ठेवली.

मला त्या मुलाचे उत्तर फार आवडले. समोरचा काय म्हणतो ते जसेच्या तसे ऐकणे हे एक काम, आणि ते खरे की खोटे हे तपासणे दुसरे. पहिले केल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही. आपण मात्र ऐकण्याआधीच निवाडा देऊन बसतो. दिवाळीला घरात चार पिढ्या जमतात, कुणी 2400 ने बोलतो, कुणी 9600 ने ऐकतो, आणि फराळ संपण्याआधी कुणीतरी म्हणतोच, "यांचं बोलणं म्हणजे नुसता गोंधळ!" अशा वेळी आपण आपली गती जरा उतरवून पाहावी. आजोबांचे म्हणणे मग पटेलच असे नाही, पण निदान ते काय होते ते तरी कळेल.