सागाचे गोत्र

यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यात, ढाणकी नावाचे गाव आहे. तेथील अंगणातल्या वृंदावनात तुळस डोलते आणि त्याच तालुक्यात, पैनगंगेच्या अभयारण्यात, सागाचे वृक्ष उभे आहेत. एक जेमतेम कमरेएवढी, तर दुसरा आभाळाकडे झेपावणारा. एकीची मंजिरी देवाला, तर दुसऱ्याचे लाकूड घराच्या तुळईला. या दोघांत काही नाते असेल, असे कोणाच्या मनात तरी येईल काय? परंतु ती दोघे एकाच कुलातील आहेत!

वनस्पतींची नाती माणसाने प्रथम रूपावरून जुळवली. १७५३ साली लिनियसने फुलातील केसर मोजून त्यांचे वर्ग पाडले. पुढे बेंथॅम व हूकर यांनी फूल, फळ, पान अशी अनेक लक्षणे पारखली. त्यांच्या ग्रंथात तुळस एका कुलात गेली. साग व निर्गुडी मात्र घाणेरीसह दुसऱ्या कुलात बसली.

तथापि रूप पुष्कळदा फसवे असते. कोवळी डहाळी सागाची चौकोनी, तुळशीची चौकोनी आणि घाणेरीचीही चौकोनीच! मग जवळचे कोण आणि दूरचे कोण?

याचा उलगडा जनुकांनी केला. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या वंशाची जणू एक पोथी असते. पिढ्यानपिढ्या तिची नक्कल होते आणि नकलेत क्वचित एखादे अक्षर बदलते. दोन पोथ्यांत तेच बदल आढळले, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असे जाणकार ओळखतात. १९९३ साली शास्त्रज्ञांनी सुमारे ५०० वनस्पतींतील एकच जनुक असे ताडून पाहिले आणि १९९८ साली सपुष्प वनस्पतींची नवी मांडणी प्रसिद्ध झाली. सागाविषयी फुलांच्या अभ्यासकांना आलेली शंका जनुकांनी खरी ठरवली. साग व निर्गुडी तुळशीच्या कुलात आली; घाणेरी होती तेथेच राहिली. कमळ व कुमुदिनी यांना पूर्वी एकाच कुलात गणत. पण त्यांचे साम्य पाण्यात राहिल्याने आलेले निघाले. कमळाचा जवळचा आप्त ठरला काश्मीरचा चिनार!

म्हणून जुन्या पंडितांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांनी पाने, फुले इतक्या बारकाईने नोंदवली नसती, तर जनुके कोणाची ताडून पाहायची, हेच कळले नसते. नवी मांडणीही २००३, २००९ व २०१६ साली सुधारावी लागली. सबळ पुरावा समोर येताच आपली यादी स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी, यात शास्त्राला कधी कमीपणा वाटला नाही. म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.