उजेडाची खिडकी

मिरज-पुणे लोहमार्गावर सांगलीच्या पुढचे स्थानक माधवनगर. तेथील पेठेतल्या एका जुन्या दुकानघरात, एका रविवारी सकाळी, गादीवर एक आराखडा उलगडला गेला. दर्शनी फळ्यांच्या जागी लोखंडी शटर, दगडी ओट्याच्या जागी ग्रॅनाइटच्या पायऱ्या, कौले उतरवून सिमेंटचा स्लॅब आणि त्यावर भाड्याने देण्याजोगा मजला, असा तो बेत होता. थोरल्या मुलाने कागदाचा कोपरा तिजोरीच्या किल्ल्यांनी दाबून धरला होता.

अण्णांनी चष्मा पुसला, आराखडा दोनदा पाहिला आणि म्हणाले, “ओट्याला हात लावायचा नाही.”

“अण्णा, पावसाळ्यात माल भिजतो. दर वर्षी कौले चाळायला माणूस मिळत नाही. भावना खरी, पण व्यवहारही बघायला हवा ना?” मुलगा म्हणाला.

दोघांचेही म्हणणे खरे होते. त्या ओट्यावर तीन पिढ्यांचे सौदे झाले होते. उन्हातून आलेल्या गिऱ्हाइकाला आधी पाणी आणि मग भाव, ही घराची रीत तेथेच रुजली होती. आणि माल भिजत होता, हेही खोटे नव्हते. परंतु सर्वांना निरुत्तर केले ते माजघराच्या दारातून आलेल्या सूनबाईंच्या शब्दांनी.

“मामंजी, आषाढात दुपारी तीन वाजताच स्वयंपाकघरात अंधार होतो. धान्य निवडताना किडा दिसत नाही. सूर्यास्ताआधी जेवायचे म्हणून धावपळ करायची आणि रांधायचे मात्र दिव्याच्या उजेडात. घर जपायचे म्हणजे धर्म अंधारात पाळायचा का?”

जुन्या वास्तूत बदल करावा की नाही, हा वाद बहुधा भावना आणि व्यवहार यांच्या दोन टोकांत अडकतो. घरात कोणी वडीलधारे हट्टाने ‘नको’ म्हणतात, तरुण घाईने ‘पाडा’ म्हणतात. आणि त्या घरात दिवसभर वावरणाऱ्या व्यक्तीला काय खुपते, हे विचारायचे राहूनच जाते. वस्तूचा विचार अनेक बाजूंनी करावा, हे अनेकांतवादाचे शिकवणे प्रवचनात सर्वांना पटते. घराच्या आराखड्यासमोर मात्र त्याचा सहज विसर पडतो.

शहराच्या पातळीवर हा विचार नियमात कसा बसवता येतो, याचा धडा मुंबईने घालून दिला. 1995 मध्ये राज्य शासनाने बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली मंजूर केली. अशी नियमावली करणारे ते देशातील पहिले शहर. सहाशेहून अधिक वास्तू व परिसर यादीत घेतले गेले आणि प्रस्तावित बदल तपासण्यासाठी वारसा संवर्धन समिती नेमली गेली. त्या नियमावलीचे मर्म तिच्या श्रेणींमध्ये आहे. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत आत-बाहेर कोठेही ढवळाढवळ नाही. बळकटीसाठी अत्यावश्यक असेल तेवढेच. दुसऱ्या श्रेणीत अंतर्भागात बदल आणि नवा वापर यांना वाव, पण बाह्यरूपाची कसून छाननी. तिसऱ्या श्रेणीत अधिक मोकळीक; मात्र रस्त्याचे एकत्रित रूप बिघडता कामा नये. म्हणजे प्रत्येक जुनी भिंत सारखीच पूज्य मानलेली नाही आणि प्रत्येक बदल सारखाच वर्ज्य मानलेला नाही. शिवाय बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकास तो हक्क अन्यत्र वापरता यावा, यासाठी हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूदही आहे. जतनाचा भार एकट्या मालकाच्या माथी मारू नये, ही जाणीव त्यामागे आहे.

या पहिल्या श्रेणीत मोडणारा राजाबाई मनोरा जैन समाजाला विशेष जवळचा. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले, ते 1864 मध्ये. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार उभा राहिलेला हा मनोरा 1878 मध्ये पूर्ण झाला आणि त्याला शेठजींच्या मातोश्रींचे नाव मिळाले. राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सायंभोजनाची वेळ टळू नये म्हणून घंटानादाचा त्यांना आधार होई, अशी आख्यायिका सांगितली जाते. 2015 मध्ये मनोऱ्याचे व ग्रंथालयाचे जतनकार्य पूर्ण झाले. 2018 मध्ये दक्षिण मुंबईतील ज्या वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यात हा मनोराही आहे.

माधवनगरच्या त्या घरासाठी मात्र कोणतीही समिती बसणार नव्हती. यादीत नसलेल्या हजारो घरांची हीच स्थिती आहे. तेथे छाननी करायची ती घरानेच, आणि तीही पहिली पहार पडण्यापूर्वी.

अण्णांनी तेच केले. आराखडा उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर तीन रकाने आखले: जसेच्या तसे, विचारपूर्वक, मोकळेपणाने. पहिल्या रकान्यात ओटा, दर्शनी सागवानी खांब आणि देवघर. दुसऱ्यात छप्पर, जिना आणि दुकानाची दारे. तिसऱ्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मागची पडकी गोठ्याची जागा. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहायचे, असा दंडक ठरला. ज्याचे कारण लिहिता आले नाही, तो बदलही खोडला गेला आणि तो हट्टही.

मग जाणकाराला बोलावून छप्पर तपासून घेतले. गळती कौलांमुळे नव्हती; पन्हळ कुजून पाणी भिंतीत मुरत होते. पूर्वी केलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने ती ओल आतच कोंडून धरली होती. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते, म्हणून जुन्या भिंतीला तोच मानवतो. ओल हटली की वाळवीही लाकडाकडे सहसा फिरकत नाही; विषारी औषध ओतून जीवहिंसा करण्यापेक्षा हा उपाय अण्णांना धर्माला धरून वाटला.

तरीही सारे गोड झाले असे नाही. स्लॅब नाही म्हणजे वरचा मजला नाही, आणि मजला नाही म्हणजे भाडे नाही. धाकट्याच्या लग्नासाठी खोली हवी होती. येथे भरपाई देणारा कोणताही हक्क नव्हता. ती तूट कुटुंबालाच सोसायची होती. अखेर गोठ्याच्या जागी दोन खोल्या बांधण्याचे ठरले. त्यासाठी अण्णांनी आपल्या ठेवीतली रक्कम काढली. “ओटा माझ्या आग्रहाने राहतो आहे, तर त्याची किंमतही मीच दिली पाहिजे,” एवढेच ते म्हणाले.

नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे परंपरा मानते. परंतु उद्धार म्हणजे झाकणे नव्हे. जुन्या दगडावर चकचकीत फरशी चढवली की दगडही दिसेनासा होतो आणि तो बसवणारेही. उद्धार म्हणजे जे खचले आहे त्याला आधार देणे आणि जे सोसवत नाही ते दूर करणे. हे मंदिराला लागू आहे, तसेच घरालाही.

स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील भिंतीत मोठी खिडकी निघाली आणि कौलांत चार जागी काचेची कौले बसली. पुढच्या आषाढात बाहेर पाऊस कोसळत असताना, दुपारी चार वाजता, सूनबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. एक पोरकिडा दिसला. त्यांनी तो अलगद बोटावर घेतला, ओट्यापर्यंत चालत गेल्या आणि दगडाच्या कोरड्या कडेला सोडून आल्या.